गॅसच्या विहिरीवरची नोकरी आणि तीन लाखांचा कोर्स

सोलापूरहून एक ताई लिहितात: मुलगा मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रिगवरच्या (विहीर खोदण्याच्या यंत्रणेवरच्या) ज्वाळेचे व्हिडिओ पाहून त्याला नैसर्गिक वायूच्या विहिरींवर 'वेल टेस्टिंग'मध्ये, म्हणजे विहिरीतून किती वायू मिळेल ते तपासण्याच्या कामात जायचंय. एक खासगी संस्था नोकरीची हमी देऊन तीन लाख मागते आहे. कर्ज काढावं का?

ताई, कर्ज काढू नका. मुलाची आवड मात्र मोडू नका.

पहिल्या विहिरीत वायू लागला म्हणून काम भागत नाही. थर किती पसरलाय, किती जाड आहे, वायूखाली पाणी कुठे सुरू होतं, हे कळायला आजूबाजूला अप्रेझल विहिरी खोदतात. मग फ्लो टेस्ट. विहीर वेगवेगळ्या मापांच्या चोकमधून, म्हणजे प्रवाह आवळणाऱ्या अरुंद छिद्रातून वाहू देतात, सेपरेटरमध्ये वायू, पाणी आणि कंडेन्सेट (वायूबरोबर येणारं हलकं तेल) वेगळं करून मोजतात आणि वायू फ्लेअरला, म्हणजे उघड्या ज्योतीत जाळतात. मुलाला दिसली ती हीच ज्वाळा. खरी परीक्षा पुढे असते. विहीर बंद करतात आणि तळाशी सोडलेला गेज, म्हणजे दाबमापक, दाब कसा चढतो ते नोंदवत राहतो. आपल्याकडे नव्या बोअरची मोटर बंद करून पाणी किती वेळात वर येतं ते बघतात, तसंच. दाब झटपट सावरला तर खडकातून वायू सहज वाहतो. बराच वेळ देऊनही पहिल्याइतका चढला नाही, तर साठा लहान असल्याची शंका येते. पाइपलाइनवर कोट्यवधी घालायचे की नाही, हे ठरवताना तो आलेख समोर असतो. म्हणून या कामाला रात्रभर आकड्यांवर नजर ठेवणारा, घाई न करणारा माणूस लागतो. तुमचा मुलगा तसा आहे का, हे तुम्हीच मला सांगू शकाल.

शिक्षण त्याच्या हातात आहेच. फ्लुइड मेकॅनिक्स आणि थर्मोडायनॅमिक्स पक्कं करू दे. ओएनजीसी ड्रिलिंग आणि प्रॉडक्शन या दोन्ही शाखांत मेकॅनिकलचे अभियंते घेत आली आहे, अनेकदा गेट या अभियंत्यांच्या राष्ट्रीय परीक्षेतल्या गुणांवर. पात्रता दर जाहिरातीत नीट वाचावी. गेट तिसऱ्या वर्षापासून देता येते.

काम सोलापुरात नाही. मुंबईजवळचा समुद्र, गुजरात, आसाम, त्रिपुरा, कृष्णा-गोदावरी खोरं, अशी ठिकाणं. काही विहिरींत विषारी हायड्रोजन सल्फाइड निघतो, तिथे शिस्त मोडली तर जिवावर बेततं. शिवाय २०१४ नंतर आणि पुन्हा २०२० मध्ये तेलाचे भाव कोसळले तेव्हा वेल टेस्टिंगसारखी कामं करून देणाऱ्या सर्व्हिस कंपन्यांनी जगभर माणसं कमी केली. अशा वेळी मेकॅनिकलची पदवी दुसरीकडेही चालते; कोर्सचं प्रमाणपत्र चालेलच असं नाही.

त्या संस्थेकडे नोकरीची हमी लेखी मागा, कंपनीच्या नावासकट, आणि नोकरी न मिळाल्यास पैसे परत करण्याच्या अटीसह. टाळाटाळ झाली तर तिथे पुन्हा जाऊ नका.