वाचकांचे प्रश्न : चॅट्सवर्थ हाऊस बघायला जाताना

प्रश्न : जूनमध्ये लंडनला मुलीकडे जातोय. डर्बीशरमधलं चॅट्सवर्थ हाऊस, म्हणजे तिथल्या ड्यूकचा जुना वाडा, एका दिवसात बघून परत येता येईल का? तिच्याकडचं नॅशनल ट्रस्टचं कार्ड तिथे चालेल ना?

उत्तर : कार्ड चालणार नाही. नॅशनल ट्रस्ट ही जुन्या वास्तू जपणारी संस्था; ही वास्तू तिच्याकडे नाही. डेव्हनशरच्या ड्यूक घराण्याने १९८१ मध्ये स्थापलेला स्वतंत्र ट्रस्ट ती सांभाळतो. तिकीट ऑनलाइन काढा आणि घरात शिरण्याची वेळ सकाळची घ्या.

एका दिवसात जमतं, पण ओढाताण होते. सेंट पँक्रसहून चेस्टरफिल्डला थेट गाडीने साधारण दोन तास लागतात. पुढे पंधराएक किलोमीटर बस नाहीतर टॅक्सी. परतीच्या बसची वेळ आधीच बघून ठेवा. शेफिल्डला एक रात्र मुक्काम केलात तर उत्तम.

बहुतेकांचं गणित चुकतं ते क्रमात. आल्या आल्या चहा, मग दुकान, मग बाग; आणि घराशी पोचेपर्यंत प्रवेश बंद! घर बंद होण्याच्या बरंच आधी आत सोडणं थांबवतात. म्हणून आधी घर, त्याला दोन तास. उरलेला दिवस बागेला. बाग १०५ एकरांची आणि चढाची आहे, तेव्हा बूट चांगल्या पकडीचे हवेत. बाहेरच्या पार्कात पायी फिरायला पैसे पडत नाहीत, मात्र मेंढ्यांच्या लेंड्या चुकवत चालावं लागतं.

प्रश्न : अशा घरांच्या खोल्या एवढ्या अंधाऱ्या का ठेवतात? टाचांच्या चपलांनाही मनाई असते म्हणे.

उत्तर : रेशीम, गालिचे, जलरंगातली चित्रं यांच्यावर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड पडू देत नाहीत. उजेडाने झालेलं नुकसान साचत जातं आणि उडालेला रंग पुन्हा येत नाही. दारातून आत गेल्यावर दोन मिनिटं थांबा, डोळे सरावतात. टाचेचं म्हणाल तर साधा हिशेब आहे : साठ किलोंची व्यक्ती एक चौरस सेंटिमीटरच्या टोकावर उभी राहिली, की मोटारीच्या टायरच्या पंचवीस-तीस पट दाब पडतो. लाकडी जमिनीत खळगा पडणारच. पाठीवरची सॅक पोटाशी घ्या. वळताना फुलदाणीला धक्का तिचाच लागतो.

चॅट्सवर्थच्या स्टेट म्युझिक रूममध्ये आतल्या दारावर व्हायोलिन टांगलेलं दिसेल. ते खरं नाही, यान व्हान डर व्हार्ट या चित्रकाराने काढलेलं चित्र आहे. समोरून बघितलं तर कोणीही फसतं. आता हळूहळू बाजूला सरका : खरं व्हायोलिन असतं तर त्याची कड दिसू लागली असती, हे तसंच सपाट राहतं. खोलीतल्या स्वयंसेवकांना जरूर विचारा, पाटीवर नसलेलं बरंच ते सांगतात.

प्रश्न : तिथलं एम्परर कारंजं कायम चालू असतं का?

उत्तर : नाही. त्याला पंप नाही. ड्यूकचा मुख्य माळी जोसेफ पॅक्सटन याने १८४४ मध्ये डोंगरावर तळं खोदून पाणी नळातून खाली आणलं, ते रशियाच्या झारसाठी. झार आलाच नाही, ते सोडा! सगळा जोर उंचीच्या फरकाचा. कारंजं नव्वद मीटरपर्यंत गेल्याची नोंद आहे. पण नळातलं घर्षण आणि हवेचा अडथळा यांमुळे तळ्याच्या पातळीइतकं ते कधीच चढत नाही. कोरड्या उन्हाळ्यात तळं उतरलं की कारंजं कमी करतात किंवा बंद ठेवतात, सोसाट्याचा वारा असला तरीही. घरात जाण्याआधीच त्या दिवशीची वेळ विचारून घ्या. आणि फोटो काढताना वाऱ्याकडे पाठ करून कारंजं पुढ्यात ठेवा, नाहीतर कॅमेऱ्यासकट भिजाल.