पहिला संगम: ग्रीन आणि कोलोरॅडो

नद्यांचे संगम बघायला निघालायस खरा, पण पहिल्याच सहलीत पाच नद्या उरकायचा बेत सोडून दे. अमेरिकेच्या युटा राज्यातलं मोॲब गाव गाठ, तीन दिवस मुक्काम कर आणि ग्रीन-कोलोरॅडोचा संगम नीट बघ. कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यानाच्या नीडल्स भागातून संगमावरच्या कड्यापर्यंत जाऊन-येऊन सुमारे 16 किलोमीटर चाल आहे. सावली जवळपास नाहीच, पाणीही नाही. माणशी चार लिटर तरी पाठीवर असू दे. मी पहिल्यांदा दोनच नेलं होतं, परतताना शेवटचा तास जीव कासावीस झाला.

कड्यावर पोचलास की निवांत बस. बऱ्याचदा दोन्ही पाण्यांचा रंग वेगळा असतो आणि मिळाल्यावरही थोडं अंतर ते शेजारी शेजारी वाहतात. तासभर बघत राहिलं तरी मन भरत नाही. 1921 पर्यंत संगमाच्या वरच्या अंगाच्या कोलोरॅडोला ग्रँड म्हणत. ग्रँड जंक्शन गावाचं नाव त्यावरूनच पडलं. पुढे कॅटरॅक्ट कॅन्यनचा खळाळ आहे, तिथे जाणत्या वाटाड्याशिवाय होडी घालू नकोस.

जुलै ते सप्टेंबर टाळ. डोक्यावर ऊन असतानाही लांबच्या पावसाने घळीत लोंढा येतो. एप्रिल किंवा ऑक्टोबर उत्तम. आणि पायवाटेबाहेरच्या काळ्या, खडबडीत मातीवर पाय देऊ नकोस; तिच्यात सूक्ष्मजीव असल्याने ती जिवंत असते, एकदा तुडवली की सावरायला कित्येक वर्षं लागतात.