वाचक विचारतात: नोकरी करता करता डॉक्टरेट, पण अर्जात लिहायचं काय?

प्रश्न: नमस्कार मॅडम. मी ४३ वर्षांचा, कंपन्यांमध्ये ईआरपी (सगळ्या विभागांचं काम एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर) बसवून देणाऱ्या टीमचा मॅनेजर. अमेरिकेतल्या इन्फर्मेशन सिस्टीम्स अँड कम्युनिकेशन्सच्या प्रोफेशनल डॉक्टरेटला, म्हणजे डी.एस्सी.ला अप्लाय करायचं मनात आहे. पण एक मित्र म्हणतो ही खरी पीएचडी नव्हे, दुसरा म्हणतो डी.एस्सी. तर मानद असते. आणि एसओपी, म्हणजे अर्जासोबतचं उद्देशपत्र, लिहायला बसलो की 'मला पहिल्यापासून टेक्नॉलॉजीची आवड आहे' याच्यापुढे गाडीच सरकत नाही. काय करू?

उत्तर: मानदवाल्या मित्राचं अगदीच चुकलेलं नाही हो. ब्रिटनमध्ये, भारतातसुद्धा, डी.एस्सी. ही पीएचडीच्या वरची पदवी धरतात आणि पुष्कळदा ती सन्मान म्हणून देतात. अमेरिकेत तसं नाही, तिथे ती शिकून, थीसिस लिहून मिळवायची डॉक्टरेट आहे. एमआयटीत तर काही विभागांत एकाच अभ्यासावर पीएचडी घ्यायची की एससी.डी. (डी.एस्सी.चंच दुसरं नाव) घ्यायची हे विद्यार्थ्यालाच निवडता येतं. तेव्हा नावावरून भांडण नको, तुम्हाला डिग्रीनंतर करायचंय काय ते आधी बघा. रिसर्च युनिव्हर्सिटीत पूर्णवेळ प्रोफेसर व्हायचं असेल तर सरळ फुलटाइम पीएचडीला जा, तिथे बऱ्याच ठिकाणी फी माफ होते आणि वर स्टायपेंड मिळतो, प्रोफेशनल डॉक्टरेटचा खर्च मात्र बहुतेक वेळा स्वतःच्या नाहीतर कंपनीच्या खिशातून. पण नोकरीतच राहून वरच्या जागेवर जायचंय, कन्सल्टिंग करायचंय किंवा अधूनमधून शिकवायचंय, तर हा रस्ता तुमच्यासाठीच आहे.

आता एसओपी. आवडीचं वाक्य आधी काढून टाका, कारण अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला ती आवड असते, आणि तुमच्या प्रमोशनांची यादीही नको, ती सीव्हीत आहेच. कमिटीला बघायचं असतं एवढंच की या माणसाला कामातली एक अडचण सापडलीय का आणि तिचा प्रश्न करता येतो का. अडचण आणि प्रश्न यात फरक आहे. समजा एका हॉस्पिटलमध्ये नवीन रेकॉर्ड सिस्टीम बसवली, ट्रेनिंग झालं, सगळं झालं, आणि तरी नर्सेस दिवसभर कागदावर लिहितात आणि शिफ्ट संपताना एकदम सगळं कॉम्प्युटरमध्ये भरतात. 'लोक सिस्टीम वापरत नाहीत' ही झाली तक्रार, मीटिंगमध्ये करायची. 'वॉर्डातल्या एकमेकींना निरोप देण्याच्या कोणत्या पद्धती या सिस्टीमने मोडल्या आणि कागदाने त्यातल्या कोणत्या टिकवल्या' हा प्रश्न, कारण याचं उत्तर शोधायला जाऊन बसता येतं, विचारता येतं, मोजता येतं. आणि बघा, यात कम्युनिकेशन्स आपोआप आलं! खूप जण अर्जात तो शब्द नुसता शोभेला ठेवतात. ईआरपी प्रोजेक्ट कशामुळे आपटतात हे तुम्हाला मी काय सांगू, सॉफ्टवेअरच्या बगपेक्षा कोणी कोणाला काय सांगितलंच नाही यानेच जास्त. तुमचा प्रश्न तिथेच कुठेतरी पडलेला असणार.

मग थोडं वाचन दाखवा. फार नको, पण तुमच्या प्रश्नावर आधी कोणी काय म्हटलंय हे माहीत नसेल तर ते पहिल्या पानावरच कळतं. लोक नवी सिस्टीम स्वीकारतात का यावर फ्रेड डेव्हिस यांचं १९८९चं मॉडेल आहे, उपयोगी वाटणं आणि सोपं वाटणं या दोन गोष्टींवर उभं, आणि गंमत म्हणजे ते त्यांच्या एमआयटीतल्या डॉक्टरेटच्या कामातूनच आलं. सिस्टीम यशस्वी झाली हे म्हणायचं कशावरून, यावर डेलोन आणि मॅक्लिन यांचं १९९२चं मॉडेल, २००३ मध्ये त्यांनीच सुधारलेलं. तुम्हाला काही बनवून तपासायचं असेल, एखादं टूल वगैरे, तर डिझाइन सायन्सवरचा हेव्हनर आणि सहकाऱ्यांचा २००४चा पेपर बघा. ही नावं नुसती टाकू नका मात्र. 'डेव्हिसच्या मॉडेलमध्ये एकट्या माणसाचं मत येतं, माझ्या प्रोजेक्टमध्ये अख्खी टीम मिळून ठरवते वापरायचं की नाही' असं एक वाक्य स्वतःचं लिहिता आलं की दहा नावांपेक्षा ते भारी.

आणि हो, ज्यांच्याकडे अप्लाय करताय तिथल्या प्राध्यापकांचे अलीकडचे पेपर वाचा. तुमच्या विषयाला गाइड करणारं तिथे कोणीच नसेल तर अर्ज कितीही चांगला असो, नकार येऊ शकतो आणि त्यात तुमची चूक नसते.

प्रश्न: ताई, माझा प्रश्न छोटा आहे. रेकमेंडेशन लेटर आमच्या सीईओंकडून घेऊ का? नाव मोठं आहे. आणि जीआरई ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागेल का, आता या वयात?

उत्तर: सीईओ तुम्हाला रोज बघतात का? नसतील बघत तर नको. 'अत्यंत मेहनती आणि प्रामाणिक' एवढंच लिहिलेलं लेटर कोणाच्याही सहीचं असलं तरी पोकळच. ज्यांनी तुमचा एखादा रिपोर्ट वाचून त्यातली चूक काढली आणि तुम्ही तो पुन्हा लिहिलात, अशा बॉसचं घ्या, आणि एक तरी तुम्हाला शिकवलेल्या प्राध्यापकांचं, मास्टर्सला बरीच वर्षं झाली असली तरी त्यांना तुमचा जुना प्रोजेक्ट मेल करून आठवण करून द्या. जीआरई बऱ्याच प्रोफेशनल डॉक्टरेटना लागत नाही, अनुभव धरतात, पण त्या त्या प्रोग्रामच्या पानावर बघूनच ठरवा. द्यावी लागलीच तर सप्टेंबर २०२३ पासून ती दोन तासांच्या आत आलीय आणि स्कोअर पाच वर्षं चालतो. इंग्रजीच्या टोफेल किंवा आयईएलटीएस परीक्षेचा स्कोअर मात्र दोनच वर्षं, तेव्हा घाईने आधी देऊन ठेवू नका.

प्रश्न: क्लास बरेचसे ऑनलाइन आहेत आणि मधूनमधून काही दिवस कॅम्पसवर जायचं, तर यावर एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा मिळेल ना? म्हणजे तिकडेच राहून करता येईल.

उत्तर: हे धरून चालू नका प्लीज. एफ-१ला पूर्णवेळ शिक्षण लागतं आणि त्यात एका सत्रात ऑनलाइनचा एकच कोर्स किंवा तीनच क्रेडिट मोजतात, त्यामुळे बहुतांश ऑनलाइन असलेल्या प्रोग्रामला आय-२०, म्हणजे व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते तो फॉर्म, निघेलच असं नाही. फी भरायच्या आधी युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसला लेखी विचारा, आय-२० देता का आणि कॅम्पसवरच्या दिवसांसाठी बाहेरून येणाऱ्याने कोणता व्हिसा काढायचा. फोनवरचं 'हो हो होईल' धरायचं नाही.

प्रश्न: मी बँकेत डेटा टीममध्ये आहे, आमच्याच डेटावर थीसिस करणार असं अर्जात लिहिलंय. मैत्रीण म्हणते इंटरव्ह्यूत अडकशील. खरंच?

उत्तर: परवानगी नसेल तर अडकाल. डेटा तुमच्या हाताखाली असणं वेगळं आणि तो संशोधनाला वापरायची मुभा असणं वेगळं. थीसिस पुढे छापली जाणार, कोणीही वाचणार, हे मॅनेजमेंटला आणि लीगलला माहीत हवं, निदान 'तत्त्वतः हरकत नाही' असं पत्र तरी घ्या. शिवाय माणसांवरचा अभ्यास असेल तर युनिव्हर्सिटीचं आयआरबी, म्हणजे संशोधनाची नैतिकता तपासणारं मंडळ, बसतं आणि ते हमखास विचारतं की तुमच्या हाताखालचे लोक मुलाखतीला नाही म्हणू शकतील का. बॉसने विचारल्यावर कोण नाही म्हणतं, सांगा! म्हणून शक्यतो दुसऱ्या विभागातले लोक घ्या नाहीतर मुलाखती तिसऱ्याच कोणाकडून करून घ्या, आणि हे अर्जातच दोन ओळींत लिहून टाका. इंटरव्ह्यूत आणखी एक हमखास येतं, की तुमचं उत्तर बँकेच्या विरोधात गेलं तर काय कराल. याला 'तसं होणार नाही' म्हणू नका. बँकेचं नाव झाकून निकाल तसाच मांडेन आणि तशी परवानगी आधीच घेऊन ठेवलीय, असं म्हणता आलं पाहिजे, म्हणजे पत्रात ती ओळ आत्ताच घालून घ्या.