शिकागोत महापौर डेमोक्रॅटच होणार हे ठरलेलं असतं, मग निवडणुकीत एवढी चुरस कसली?

तुम्ही विचारलंय की शिकागोत रिपब्लिकनांना कोणी विचारत नाही, महापौर डेमोक्रॅटच होणार, मग एवढा पैसा आणि आरडाओरडा कशाला, आणि नेपरव्हिल या उपनगरात राहणाऱ्या तुमच्या भावाला यात मत आहे का. भावाचं शेवटी सांगते.

अर्धं बरोबर आहे तुमचं. शेवटचा रिपब्लिकन महापौर १९३१ मध्ये पडला, त्यानंतर एकही नाही. पण इथली लढाई पक्षापक्षात नसतेच, ती वस्त्यावस्त्यांत असते, आणि आता तर बॅलटवर, म्हणजे मतपत्रिकेवर, पक्षाचं नावच नसतं. फेब्रुवारीच्या शेवटच्या मंगळवारी सगळे उमेदवार एकाच यादीत उभे, कोणी ५० टक्क्यांच्या वर गेलं तर विषय संपला, नाही गेलं तर पहिल्या दोघांची एप्रिलमध्ये परत लढत, त्याला रनऑफ म्हणतात. त्यामुळे पहिल्या फेरीत सगळ्यांचा डोळा दुसऱ्या नंबरवर असतो.

हा नियम असा का आला ते बघायला थोडं मागे जावं लागतं. थोरले रिचर्ड डेली १९५५ ते १९७६, मरेपर्यंत महापौर होते. त्यांच्या काळात तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं, पक्षाची यंत्रणा, ज्याला इथे नुसतं 'मशीन' म्हणतात, ती ज्याचं नाव घेईल तो निवडून यायचा, वॉर्डातला पक्षाचा माणूस नोकरी लावून द्यायचा आणि तुम्ही मत द्यायचं. त्यांच्यानंतर आले मायकल बिलँडिक, त्यांना मशीनचा पूर्ण पाठिंबा, आणि ते हरले कशामुळे तर बर्फामुळे. जानेवारी १९७९ मध्ये प्रचंड हिमवादळ आलं, रस्ते कितीतरी दिवस मोकळे झाले नाहीत, वर लोकल ट्रेन वेळेवर पळवायच्या म्हणून ब्लॅक वस्त्यांतली स्टेशनं गाळली, म्हणजे गाडी समोरून जातेय आणि लोक थंडीत प्लॅटफॉर्मवर उभे. पुढच्याच महिन्यात प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायची निवडणूक होती, तिथे जेन बर्न यांनी बिलँडिकना पाडलं आणि शहराला पहिली बाई महापौर मिळाली. तेव्हापासून इथला कुठलाही महापौर बर्फाला घाबरूनच असतो, पहिला फ्लेक पडायच्या आत मिठाचे ट्रक रस्त्यावर. (गल्लीबोळात मात्र अजूनही आपली आपणच गाडी उकरायची आणि उकरलेल्या जागेवर जुनी खुर्ची ठेवून जायचं, एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना तस्संच. ती खुर्ची हलवली तर शेजारी वर्षभर बोलत नाही.)

आता १९८३, खरी गोष्ट इथे आहे. तेव्हा पक्षाची प्रायमरी असायची आणि ती जिंकली की झालात महापौर असंच सगळे धरून चालायचे. प्रायमरीत तिघं होते: महापौर जेन बर्न, थोरल्या डेलींचा मुलगा रिचर्ड एम. डेली आणि काँग्रेसमन, म्हणजे अमेरिकेच्या संसदेतले खासदार, हॅरल्ड वॉशिंग्टन, हे ब्लॅक. बर्न आणि डेली दोघंही व्हाइट, दोघांनी एकमेकांची मतं खाल्ली, आणि वॉशिंग्टन साधारण ३६ टक्क्यांवर जिंकले. नुसत्या मतविभागणीने जिंकले असं म्हणणं अन्याय होईल, त्याआधी ब्लॅक वस्त्यांत मतदार नोंदणीची जबरदस्त मोहीम झाली होती, लाखाच्या वर नवीन नावं यादीत आली होती.

आणि मग तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. कारण प्रायमरी जिंकलेला डेमोक्रॅट ब्लॅक आहे म्हटल्यावर पक्षाच्याच कितीतरी वॉर्ड नेत्यांनी रिपब्लिकन उमेदवार बर्नार्ड एप्टन यांचं काम केलं, काहींनी उघड, काहींनी गुपचूप. ज्या माणसाला एरवी कुत्र्यानेही विचारलं नसतं तो अचानक जिंकायच्या बेतात आला, त्याच्या जाहिरातीतलं वाक्य होतं 'उशीर व्हायच्या आधी', कशाला उशीर ते न सांगता सगळ्यांना कळत होतं. जन्मात रिपब्लिकनला मत न दिलेल्या वस्त्यांनी त्याला ठोकून मतं दिली. १२ एप्रिलला वॉशिंग्टन जिंकले, पण साडे-एक्कावन्न टक्क्यांच्या आसपास, फरक साधारण ४८ हजार मतांचा. म्हणजे ठरलेलं असतं म्हणता ते एवढंच.

जिंकूनही सुख नाही. सिटी कौन्सिलमध्ये ५० वॉर्डांचे ५० आल्डरमन, म्हणजे नगरसेवक, त्यातले २९ विरोधात आणि २१ बाजूने. सगळे डेमोक्रॅटच बरं का! हे २९ जण महापौराची नेमणूक अडवायचे, मग महापौर त्यांचे ठराव व्हेटो करायचे, म्हणजे आपल्या अधिकारात रद्द करायचे, आणि व्हेटो मोडायला ३४ मतं लागतात ती २९ वाल्यांकडे नव्हती. तीन वर्षं असंच चाललं, शेवटी कोर्टाने वॉर्डांच्या सीमा बदलायला लावल्या, १९८६ मध्ये सात वॉर्डांत परत निवडणूक झाली, २५-२५ झालं आणि टाय फोडायचं मत महापौराचं. १९८७ मध्ये वॉशिंग्टन परत निवडून आले आणि त्याच नोव्हेंबरमध्ये ऑफिसात टेबलावरच हार्ट अटॅकने गेले.

पुढे १९८९ पासून धाकटे डेली, २०११ पर्यंत. मधे १९९५ मध्ये स्प्रिंगफील्डला, म्हणजे राज्याच्या राजधानीत, दोन्ही सभागृहं रिपब्लिकनांकडे होती तेव्हा कायदा झाला की शिकागोच्या महापौर निवडणुकीत पक्ष नको, प्रायमरी नको, ५० टक्के हवेत नाहीतर रनऑफ. कागदावर चांगलंच वाटतं की ३६ टक्केवाला महापौर नको. पण ब्लॅक वस्त्यांत याचा अर्थ सरळ लावला गेला: परत वॉशिंग्टनसारखं कोणी मतं फुटल्यामुळे पुढे येऊ नये. १९९९ पासून हा नियम लागू आहे.

गंमत म्हणजे नियमाचं फळ उलटंच निघालं. २०१९ ला १४ उमेदवार होते, लोरी लाइटफुट साधारण साडेसतरा टक्क्यांवर पहिल्या, टोनी प्रेकविंकल १६ वर दुसऱ्या, दोघीही ब्लॅक बायका, आणि धाकट्या डेलींचा भाऊ बिल डेली तिसरा येऊन बाहेर. साडेसतरा टक्के! रनऑफमध्ये लाइटफुट यांनी ५० च्या ५० वॉर्ड जिंकले, जे वॉशिंग्टनना स्वप्नातही जमलं नसतं. आणि चार वर्षांनी त्याच बाई पहिल्या फेरीतच तिसऱ्या येऊन घरी गेल्या.

२०२३ ची मी स्वतः बघितलीय, मी शिकागोतच वेस्ट रिज वस्तीत राहते, डेव्हन अव्हेन्यू या रस्त्यावरून चालत येता येईल एवढ्या अंतरावर, दोन्ही फेऱ्यांत मत दिलं, कोणाला ते विचारू नका. नऊ उमेदवार. पॉल व्हॅलस साधारण ३३ टक्के, ब्रँडन जॉन्सन २१-२२, लाइटफुट १७ च्या आत. व्हॅलस म्हणजे पूर्वी शहराच्या शाळांचा कारभार बघितलेला माणूस, मुद्दा एकच, गुन्हेगारी, पोलिसांची युनियन पाठीशी. जॉन्सन म्हणजे माजी शिक्षक, पाठीशी शिक्षकांची युनियन, मुद्दा हा की पोलिसांवर पैसा ओतून नाही तर शाळा, नोकऱ्या, मानसिक आरोग्य यावर खर्चून गुन्हे कमी होतील. दोघंही डेमोक्रॅट म्हणवणारे, आणि पक्ष मधोमध फाटलेला: सिनेटर डिक डर्बिन व्हॅलसकडे, डावे सिनेटर बर्नी सँडर्स जॉन्सनच्या सभेला. व्हॅलस २००९ मध्ये एका मुलाखतीत मी डेमोक्रॅटपेक्षा रिपब्लिकन जास्त आहे असं काहीतरी बोलून गेले होते, ती क्लिप जॉन्सनवाल्यांनी इतकी वाजवली की बस्स.

इथे ते गणित नीट दिसतं. शहरात व्हाइट, ब्लॅक आणि लॅटिनो ढोबळमानाने तीन सारखे गट आहेत, आपण एशियन सगळे मिळून ७ टक्क्यांच्या आसपास. एका गटावर पहिली फेरी पार होते, रनऑफ नाही होत. व्हॅलसचा गड म्हणजे शहराच्या कडेच्या वायव्य आणि नैऋत्य भागातल्या वस्त्या, तिथे पोलिस आणि अग्निशमनवाले भरपूर राहतात कारण शहराच्या नोकरीत असाल तर शहरातच राहावं लागतं असा नियम आहे, म्हणून हद्दीला चिकटून घरं घेतात. जॉन्सनना पहिल्या फेरीत उत्तरेकडच्या, लेक मिशिगन तळ्याच्या काठचे आणि लोगन स्क्वेअरकडचे तरुण, डावे मतदार मिळाले, आणि लाइटफुट बाहेर पडल्यावर त्यांचे साउथ आणि वेस्ट साइडचे ब्लॅक वॉर्ड जॉन्सनकडे आले. चौथे आलेले लॅटिनो काँग्रेसमन चुई गार्सिया यांनीही त्यांनाच पाठिंबा दिला. ४ एप्रिलला ५२ विरुद्ध ४८, साधारण २६ हजार मतांनी जॉन्सन. माझ्या मते भाषणांनी नाही तर शिक्षक युनियनच्या लोकांनी दारोदार फिरून ही निवडणूक काढली, कारण मतदान होतं जेमतेम ३८-३९ टक्के, अशा वेळी जो आपली माणसं घराबाहेर काढतो तो जिंकतो.

एवढा जीव टाकतात कारण खुर्चीत ताकद आहे. मुंबईत महापौराला मान असतो आणि सही आयुक्तांची चालते, इथे तसं नाही, बजेट मांडणं, खात्यांचे प्रमुख नेमणं हे महापौरच करतो. धाकट्या डेलींनी २००८ मध्ये शहराचे पार्किंग मीटर ७५ वर्षांसाठी खाजगी कंपनीला १.१५ अब्ज डॉलरला देऊन टाकले, कौन्सिलने काही दिवसांत मंजुरी पण दिली, पैसे भराभर संपले आणि मीटरमध्ये आम्ही नाणी टाकतोय. पण आता आल्डरमन तसे राहिले नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये जॉन्सन यांचा ३० कोटी डॉलरच्या प्रॉपर्टी टॅक्स वाढीचा प्रस्ताव ५०-० ने फेटाळला गेला, त्यांच्या जवळच्या लोकांनी सुद्धा हात वर केला नाही.

पुढची निवडणूक फेब्रुवारी २०२७. पोलमध्ये पहिलं कोण ते बघत बसू नका, दुसरं कोण येतंय आणि तिसऱ्या-चौथ्याची मतं कुठे जातील ते बघा. त्याआधी उमेदवारी अर्जावरच्या सह्यांची मारामारी असते, २०२३ ला साडेबारा हजार वैध सह्या लागत होत्या, विरोधक एकेक सही तपासून हरकती घेतात आणि काही जण तिथेच बाद होतात.

आता तुमचा भाऊ. नेपरव्हिल शिकागोत येत नाही, त्यामुळे अमेरिकन नागरिक असला तरी त्याला इथे मत नाही, आणि ग्रीन कार्ड किंवा एच-वन व्हिसावर असेल तर इथेही नाही आणि नेपरव्हिललाही नाही. नागरिक असेल तर नेपरव्हिलचा महापौर मात्र तो निवडू शकतो, ती निवडणूक शिकागोच्या रनऑफच्याच दिवशी असते, २०२३ लाही ४ एप्रिललाच होती. तिथे रोजचा कारभार नेमलेला सिटी मॅनेजर बघतो, त्यामुळे हा असला धुरळा तिकडे उडत नाही.