अलास्कात इतकी थंडी आणि महागाई, तरी लोक का राहतात आणि का सोडून जातात?

माझा मामेभाऊ आमच्या इंदूरचाच, अलास्कातल्या अँकरेज शहरात असतो, त्याच्याकडून बरंच कळलंय. थंडीची सवय होते हो, अंधाराची नाही होत, डिसेंबरात तिथे जेमतेम साडेपाच तास उजेड, उत्तरेकडच्या फेअरबँक्स शहरात तर चारही नाही. पण माझ्या मते सोडून जायचं खरं कारण नोकरीचं आहे. 2006 च्या जुलैपासून लागलेल्या शिक्षकांना आणि राज्य कर्मचाऱ्यांना ठरावीक पेन्शन नाही, फक्त निवृत्तीसाठी स्वतःचं बचत खातं, त्यात मालकाने भरलेला वाटा पाच वर्षांनी पूर्ण आपला होतो, वर शिक्षकांना सोशल सिक्युरिटी, म्हणजे अमेरिकन सरकारची म्हातारपणची पेन्शनपण नाही, मग पाच वर्षं झाली की लोक निघणारच ना! शाळांचं फार नुकसान होतं यात, मुलांना दरवेळी नवीन टीचर. किराणा बहुतेक जहाजाने येतो, गावांत विमानाने, म्हणून महाग.

राज्याचा इन्कम टॅक्स नाही आणि तेलाच्या फंडातून 1982 पासून दरवर्षी प्रत्येकाला पैसे मिळतात, पण 2022 ला 3284 डॉलर आणि 2025 ला 1000, त्याच्या भरवशावर कोणी राहत नाही. राहतात ते सॅल्मन मासे, डोंगर आणि शेजाऱ्यांसाठी. मामी इथे आजारी असते तरी भाऊ परत यायला तयार नाही, म्हणतो अशी माणसं दुसरीकडे मिळणार नाहीत. जायचा विचार असेल तर जूनमध्ये नाही, जानेवारीत जाऊन बघा.