प्रार्थना करूनही जॉब गेला तर काय, याबद्दल थोडंसं

जय ख्रिस्त भावा, प्रार्थना करूनही जॉब गेला, देव रागावलाय का, हे तुझं वाचलं. एक तर देव रागावलाय वगैरे डोक्यातून काढ, आणि चर्चमधे कोणी म्हणालं ना की विश्वास कमी पडला म्हणून असं झालं, तर हसून सोडून दे, असले सल्लागार पुण्यात पेठेपेठेत मिळतात.

तू नवीन आहेस म्हणून सांगतो, बायबलमधलं स्तोत्र ८८ वाच. पूर्ण अंधारात संपतं ते, शेवटी गोड काहीच नाही, तरी ते बायबलमधे ठेवलंय, म्हणजे देवाकडे तक्रार करायला पूर्ण परवानगी आहे. मग स्तोत्र ४२, तिथे स्तोत्र लिहिणारा स्वतःच्याच जिवाला विचारतो की बाबा तू एवढा खचलास का. बायबलमधल्याच विलापगीत या पुस्तकाचा ३रा अध्याय पण बघ, यरुशलेम उद्ध्वस्त झाल्यावरचं आहे ते, आणि देवाची दया रोज सकाळी नवी असते हे वाक्य नेमकं त्यातच येतं.

आणि जमलं तर एकदा दौंड लाइनने केडगावला जाऊन ये, पंडिता रमाबाईंनी निराधार बायकामुलांसाठी काढलेलं मुक्ती मिशन बघ. दुष्काळात बाईंचे आईवडील, १८८० मधे भाऊ, १८८२ मधे नवरा गेला, १८८३ मधे बाप्तिस्मा घेतला म्हणून दुःख थांबलं असंही नाही, १९२१ मधे एकुलती एक मुलगी मनोरमा पण गेली. तरी बायबलच्या मराठी भाषांतराचं काम सोडलं नाही बाईंनी.

बाकी सीव्ही अपडेट कर, प्रार्थना चालू असताना अप्लाय करायला काही हरकत नाही. रविवारी उपासनेनंतर लगेच पळू नकोस, चहाला थांब, पास्टरांशी ओळख करून देतो.