मायनर थ्रेट ऐकायला सुरुवात करतोयस तर

अरे, सुटी सुटी गाणी नको ऐकूस. या पंक बँडच्या गाण्यांचा 'कम्प्लीट डिस्कोग्राफी' हा संग्रह पहिल्यापासून सलग लाव. १९८० ते १९८३, वॉशिंग्टनची पोरं, २६ गाणी, जेमतेम पाऊण तास. वेताळ टेकडीच्या एका फेरीत होतं. पहिली आठ डोक्यावरून जातील, जाऊ देत. आधी ड्रम पकड, शब्द घरी येऊन वाच.

गाणी साधारण काळाच्या क्रमाने आहेत, त्यामुळे बँड मोठा होताना ऐकू येतो. 'आउट ऑफ स्टेप' या रेकॉर्डच्या गाण्यांपाशी दुसरी गिटार येते आणि आवाज केवढा भरतो! माझा जीव मात्र शेवटच्या गाण्यात अडकलाय. वेग उतरलेला, उदास. ते आधी ऐकू नकोस, प्लीज. आणि हे सगळं गायक आणि ड्रमर या दोघांनी स्वतःच चालवलेल्या डिसकॉर्ड या रेकॉर्ड लेबलवर निघालंय.